मुलगा धर्मगुरू व्हायचे म्हणतो

कॅनडातील एका वसईकर ताईंनी कळवले आहे की, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेला त्यांचा मुलगा धर्मगुरू व्हायचे म्हणतो. हे देवाचे पाचारण मानावे की वसतिगृहातला एकटेपणा, हे न उमगल्याने त्यांनी घरात हा विषयच बंद केला आहे.

ताई, तो आधी उघडा. 1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला लोयोलाचा इग्नेशियस, म्हणजे पुढे येशूसंघ (जेझुइट) हा धर्मसंघ स्थापणारा संत, महिनोन्‌महिने घरी खिळून होता. दरबारी पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी मिळवण्याची स्वप्ने तो तासन्‌तास रंगवी. संतचरित्रे वाचली की आपणही तसे जगावे, असेही त्याला वाटे. दोन्ही विचार मनात घोळत असताना सारखेच गोड लागत, मात्र पहिले ओसरल्यावर मन कोरडे पडे आणि दुसऱ्याचे समाधान मागे रेंगाळे. मुलालाही हेच विचारावे: मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भरून येते ते ठीक, पण मंगळवारी प्रयोगशाळेत त्यातले काय उरलेले असते?

ते कळण्यासाठी रोज रात्री पंधरा मिनिटांचे आत्मपरीक्षण पुरते. लहानपणी पापनिवेदनाच्या रांगेत आपण दहा आज्ञा आठवून चुका मोजत असू, तेवढेच म्हणजे आत्मपरीक्षण असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. इग्नेशियसच्या रीतीत मात्र आरंभ कृतज्ञतेने होतो. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागून दिवस सकाळपासून उलगडायचा, चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा निश्चय करायचा. मन खिन्न असताना आधीचा निर्णय बदलू नये, असेही तो बजावतो. तेव्हा जानेवारीच्या अंधाऱ्या संध्याकाळी शिक्षण सोडण्याचे ठरवू नये.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तेथे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले, पण संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात बंधू झाले, धर्मगुरू नव्हे. जपानी भाषा अवगत असल्याने दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. आपल्या मुलाच्या हाकेचे रूपही अजून ठरायचे असेल.

पंधरा मिनिटे आपणही काढावीत. वसईत शेजारच्या घरातला मुलगा फादर झाला, तर आपण कौतुकाने दीक्षाविधीला जातो. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत धास्ती का वाटते? नातवंडांची आस, शिक्षणाचे कर्ज, म्हातारपणाची चिंता, यांतले जे असेल ते प्रार्थनेत नाव घेऊन मांडावे. यांतली एकही चिंता पाप नाही, फक्त ती मुलाच्या काळजीचा मुखवटा घालून बोलू नये.

तीन महिने हे झाल्यावर त्याने धर्मप्रांतात पाचारणाचे काम पाहणाऱ्या धर्मगुरूंची भेट घ्यावी. पहिल्या भेटीने कोणी बांधला जात नाही आणि सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातली, वर्षेही पारखण्याचीच असतात. त्या भेटीत आपण शेजारी बसू नये. गाडीने सोडायला हरकत नाही.