पाच वर्षं भरायला महिना बाकी असताना राजीनामा

प्रश्न: पुण्यातल्या खासगी कंपनीत मला ४ वर्षं ९ महिने झाले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये, नोटीस दोन महिन्यांची. नवी ऑफर हातात आहे. एचआर म्हणतं, पाच वर्षं भरली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम) नाही. ती बुडेल का? आणि पीएफ काढून घेऊ का?

उत्तर: आज राजीनामा दिलात तर शेवटचा दिवस ४ वर्षं ११ महिन्यांवर येतो, म्हणजे फक्त एक महिना कमी. पाच वर्षं धरली तर तुमची रक्कम अशी (दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा): ३९,००० × १५ ÷ २६ × ५ = १,१२,५०० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत (ग्रॅच्युइटीचा आताचा कायदा) भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तसं असेल तर हा आकडा वाढेल.

पाचव्या वर्षात २४० दिवस (पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९०) काम झालं की ते वर्ष पूर्ण धरावं, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लावला होता. तुमचे तेवढे दिवस भरतील, त्यामुळे दावा जरूर करा. पण सगळ्या कंपन्या हा अर्थ मानत नाहीत आणि भांडण लांबतं. एका महिन्यासाठी ते अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागा आणि पाच वर्षं भरल्यावरच राजीनामा द्या. आधी दिलात तर कंपनी नोटिशीचा पगार देऊन लवकर मोकळं करू शकते, आणि तोच महिना हातचा जातो. नवी कंपनी थांबत नसेल तर बुडणारी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. त्यावर कर लागतो आणि लवकर सोडलंत तर परत मागतात, एवढं वाचून सही करा.

नेमणूकपत्र ठरावीक मुदतीचं असेल तर संहितेनुसार पाच वर्षांची अटच नाही, एक वर्ष पुरतं. हे आधी तपासा.

सोडल्यावर अर्ज लेखी द्या. ३० दिवसांत पैसे यायला हवेत, उशिरावर व्याज लागतं. नोटीस कमी भरल्याची वसुली ग्रॅच्युइटीतून करता येत नाही.

पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर पॅन जोडलेला असतानाही १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. ट्रान्सफर केलात तर जुनी सेवा पुढे मोजली जाते. पेन्शनला दहा वर्षं लागतात, पीएफच्या पेन्शन योजनेत तुमचं नाव असेल तर तिथेही ही पावणेपाच वर्षं कामी येतील. नव्या कंपनीत जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या. दोन यूएएन झाले की ट्रान्सफर अडकतो. जुन्या कंपनीने भरलेली सोडल्याची तारीख नव्या रुजू तारखेनंतरची असेल तरीही पूर्वी अडकायचा. जुनी कंपनी तारीख भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र स्वतःच्या मेलवर आत्ताच घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचं लॉगिन बंद होतं.