‘कम्यून’ म्हणजे नगरपालिका?

प्रश्न असा आला आहे : ‘दोंरेमी-ला-प्यूसेल ही ईशान्य फ्रान्समधील एक नगरपालिका आहे’ असं वाक्य वाचलं. मूळ शब्द ‘कम्यून’, म्हणजे फ्रान्समधला स्थानिक कारभाराचा सगळ्यांत लहान घटक. मग ‘नगरपालिका’ बरोबर का?

नाही. आणि हे वाक्य गावाचं नाव बदलून शेकडो ठिकाणी वाचून मी विटलो आहे. दोंरेमी हे म्यूज नदीकाठचं, वोज जिल्ह्यातलं खेडं. पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कचं जन्मगाव. वस्ती दोनशेच्या आत. आपल्याकडे एवढ्या वस्तीला गट ग्रामपंचायतीत ढकलतात, आणि इथे थेट नगरपालिका!

‘मग ग्रामपंचायत म्हणा’ हेही चालणार नाही, कारण पॅरिससुद्धा कम्यूनच. डिसेंबर १७८९च्या कायद्याने शहर, कसबा, खेडं सगळ्यांना एकाच मापाचा अंगरखा शिवला. आज अशी सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी ५०० माणसंही नाहीत. तरी जवळजवळ प्रत्येकाला आपला महापौर! १८७१चं बंडखोर सरकार ‘पॅरिस कम्यून’ आणि हिप्पींच्या एकत्र राहण्याच्या वस्त्या, म्हणजे त्यांची कम्यूनं, वेगळी; ती सोडतो.

काही पंडित लॅटिनमधलं ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘ऊनुस’ म्हणजे एक, म्हणून ‘एकजूट झालेले ते कम्यून’ अशी फोड करतात. ऐकायला गोड, पण साफ चूक. शब्दात ‘ऊनुस’ नाही, ‘मूनुस’ आहे. लॅटिनमध्ये मूनुस म्हणजे वाट्याला आलेलं कर्तव्य, कर, आणि देणगीसुद्धा. रोमन पुढारी लोकांना फुकट दाखवत ते ग्लॅडिएटरांचे खेळही मूनुसच. त्याच्या मुळाशी देवाणघेवाणीचा धातू आहे, आणि तो आपल्या घरातही आहे : पाणिनीच्या धातुपाठातला ‘मेङ् प्रणिदाने’. त्याला वि आणि नि लावा, ‘विनिमय’ तयार. म्हणजे कम्यून आणि विनिमय हे दूरचे चुलतभाऊ! देणं आणि येणं एकाच शब्दात कसं मावतं, असं विचारणाऱ्याने आपलं ‘बलुतं’ आठवावं. सुताराने वर्षभर नांगर दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. माझ्या मते मूनुसचा अर्थ कोशांपेक्षा बलुत्यातून लवकर कळतो. कोशकारांना हे पटत नाही, न पटो.

ज्याच्यावर मूनुस नाही तो ‘इम्मूनिस’. आपली लशीची ‘इम्युनिटी’ तिथूनच आली, पण मुळात ती करमाफी. आणि दोंरेमीला नेमकी तीच मिळाली होती. जुलै १४२९मध्ये जोनने फ्रान्सचा राजा सातवा शार्ल याला राज्याभिषेक घडवल्यावर, त्याच महिन्यात राजाने जोनच्या खातर दोंरेमी आणि शेजारच्या ग्रो या गावांचे कर माफ केले. वसुलीच्या वहीत गावापुढे रक्कम नाही, फक्त ‘काही नाही, ला प्यूसेल’ असा शेरा. प्यूसेल म्हणजे कुमारिका, अर्थात जोन. गावाच्या नावाला जोडलेलं शेपूट तिचंच. म्हणजे हे गाव कम्यून होण्याच्या साडेतीनशे वर्षं आधी ‘इम्यून’ झालं होतं. अशी जोडी शोधून सापडत नाही.

हो, प्रश्न भाषांतराचा होता. ‘म्युनिसिपालटी’तही मूनुस आहेच, तेव्हा भाषांतरकाराचं कुळ बरोबर, घर चुकलं. सरळ ‘कम्यून’ लिहावं, किंवा खेड्यासाठी नुसतं ‘गाव’.

तरीही ‘नगरपालिका’च हवी असेल, तर म्यूजच्या काठाने खाली वर्दँकडे जावं. पहिल्या महायुद्धातल्या १९१६च्या लढाईत तिथली काही गावं पार नाहीशी झाली. फ्लरी त्यातलंच. लोकसंख्या शून्य, तरी कायद्याने ते आजही कम्यून आहे आणि त्याचा कारभारी सरकार नेमतं. आता या नगरपालिकेने पाणी कोणाच्या घरी सोडायचं?