दोन मेजर, एक ट्रान्सफर आणि ‘वाया जाणारे’ क्रेडिट्स

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून, विद्यापीठात ट्रान्सफर घेऊ पाहणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: “मॅडम, यातले क्रेडिट्स किती वाया जातील?” मुलाला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स असं डबल मेजर, म्हणजे एकदम दोन मुख्य विषय, करायचं असेल, तर त्याला लगेच दुसरा प्रश्न जोडला जातो: “मग चारऐवजी पाच वर्षं लागणार का?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत.

कुटुंब कॅलिफोर्नियात राहणारं. मुलीचं कम्युनिटी कॉलेजातलं पहिलं वर्ष संपलेलं, शाळेत असतानाच घेतलेले दोन-तीन कॉलेज कोर्स धरून ४४ सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट्स मोजायचं एकक) हातात. शिवाय एपी कॅल्क्युलस बीसी या शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेत पाचपैकी ५. डोळा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) एका कॅम्पसवर. वडील अभियंते, त्यामुळे एक्सेल शीट तयारच होतं. प्रत्येक कोर्सपुढे युनिट्स, ग्रेड आणि ‘यूसी ट्रान्सफरेबल’ असा हिरवा रकाना. शीट हिरवंगार होतं. खाली बेरीज, आणि बेरजेखाली त्यांची काळजी: यूसीत कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्स धरतात, आणि मुलीच्या पुढच्या दोन सेमिस्टर्सचा बेत ७० च्या वर जात होता.

“वरचे दोन-चार युनिट्स म्हणजे पैसे पाण्यातच ना? मग एखादा गणिताचा कोर्स तिकडे जाऊनच घेऊ दे,” ते म्हणाले.

ही मर्यादा खरी आहे, पण ती नेमकी कशाला लागते ते पाहायला हवं. ७० सेमिस्टर युनिट्स म्हणजे १०५ क्वार्टर युनिट्स, एकास दीड या हिशेबाने (शैक्षणिक वर्षाचे दोन भाग केले तर सेमिस्टर, तीन केले तर क्वार्टर). त्यापलीकडच्या कोर्सचे युनिट्स पदवीच्या बेरजेत धरले जात नाहीत, पण विषयाचं क्रेडिट मिळतं. म्हणजे लिनिअर अल्जिब्रा ७१ व्या युनिटावर पडला तरी मेजरसाठी लागणारा लिनिअर अल्जिब्रा पूर्ण झालेलाच असतो, तो तिकडे पुन्हा करावा लागत नाही. एपीचे युनिट्सही या मर्यादेत मोजत नाहीत. तेव्हा कमाल मर्यादेला घाबरून मेजरचा कोर्स सोडणं म्हणजे नेमकी हवी ती गोष्ट टाकून देणं.

हे त्यांना पटलं. पण मला त्या शीटची अडचण वेगळीच वाटत होती. त्यात बेरीज होती, क्रम नव्हता.

मी मुलीला म्हटलं, “युनिट्सचा रकाना झाकून टाक. तुला ज्या कॅम्पसवर जायचंय तिथले दोन्ही मेजरचे कोर्स एका मोठ्या कागदावर लिही, आणि ज्या कोर्सशिवाय पुढचा घेता येत नाही तिथून बाण काढ.” तिने एका संध्याकाळी ते काम केलं आणि दुसऱ्या दिवशी कागदाचा फोटो पाठवला, सोबत एकच ओळ: “मावशी, सगळे बाण डिस्क्रीट मॅथमधून निघतायत.”

डिस्क्रीट मॅथ म्हणजे तर्क, संच, मोजणी यांचं गणित. सगळे बाण तिथून नव्हते, पण महत्त्वाचे बरेचसे होते. कॉम्प्युटर सायन्सच्या बाजूला अल्गोरिदम्सचा कोर्स मिळवायला डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ दोन्ही हवेत, आणि अल्गोरिदम्सनंतरच वरचे कितीतरी कोर्स उघडतात. ऑपरेटिंग सिस्टिम्सकडे जायला कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन लागतं. गणिताच्या बाजूला रिअल ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा. तिथे जाण्याआधी सिद्धता लिहायला शिकवणारा एक कोर्स असतो. तो बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत मिळत नाही. त्यातल्या त्यात जवळची तयारी डिस्क्रीटमध्ये होते. आणि खरी मेख पुढे: ॲनालिसिसची तीन क्वार्टरची मालिका त्या कॅम्पसवर फॉल, म्हणजे वर्षाच्या पहिल्या, क्वार्टरमध्येच सुरू होते. फॉल हुकला की थेट पुढचा फॉल.

आता तिच्या मूळ बेतात काय होतं? फॉलमध्ये डेटा स्ट्रक्चर्स, लिनिअर अल्जिब्रा, आणि बाकी समाजशास्त्र, कलेचा इतिहास, एथ्निक स्टडीज. स्प्रिंगमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स आणि उरलेलं जनरल एज्युकेशन, म्हणजे मेजरबाहेरचे सक्तीचे विषय. डिस्क्रीट मॅथ आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन दोन्ही ‘तिकडे जाऊन’. कॉलेजात तिला सांगितलं होतं की आधी जनरल एज्युकेशनचा संच संपवून टाक. हा सल्ला इतिहास किंवा मानसशास्त्र घेणाऱ्या मुलाला उत्तम आहे. २०२५ च्या फॉलपासून कॅलिफोर्नियात त्या संचाचं नाव कॅल-जीईटीसी झालं. ११ कोर्स, ३४ युनिट्स. पूर्ण केला की विद्यापीठात त्या बाजूची कटकट राहत नाही. पण विज्ञान-अभियांत्रिकीसारख्या भरगच्च मेजरसाठी यूसीचं स्वतःचंच म्हणणं असतं की आधी मेजरची तयारी बघा. जनरल एज्युकेशनचा कोर्स कुठल्याही क्वार्टरमध्ये, कुठल्याही क्रमाने बसतो. त्याच्या पुढे बाण नसतो.

मग वडिलांसमोर मी साधा हिशेब मांडला. यूसीची पदवी १८० क्वार्टर युनिट्सची. १०५ घेऊन गेली तर उरले ७५. क्वार्टरला १५ धरले तर पाच क्वार्टर्स, म्हणजे दोन वर्षांपेक्षाही कमी. त्यांचा चेहरा उजळला. “पण,” मी म्हटलं, “त्या कॅम्पसच्या यादीप्रमाणे दोन्ही मेजरचे अप्पर डिव्हिजनचे, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या पातळीचे, कोर्स साधारण बारा-बारा आहेत. कम्युनिटी कॉलेजात अप्पर डिव्हिजन मिळत नाही, म्हणजे हे सगळे तिकडेच. एकच कोर्स दोन्ही मेजरला लावायलाही मर्यादा असते. दोन-तीन कोर्स सामाईक निघाले तरी एकवीस-बावीस उरले. सहा क्वार्टर्समध्ये ते बसवायचे तर दर क्वार्टरला साडेतीन, आणि सगळे अवघड.” हे जमतं, मी जमवलेलं पाहिलं आहे. पण फक्त तेव्हाच, जेव्हा मूल पहिल्या फॉलला उतरतं तेव्हा त्याच्यामागे लोअर डिव्हिजनचा एकही कोर्स शिल्लक नसतो. डिस्क्रीट मागे राहिला तर पहिला क्वार्टर डिस्क्रीट, दुसरा अल्गोरिदम्स, आणि तिसऱ्यापासून कुठे खरं मेजर सुरू. पाचवं वर्ष येतं ते इथून. क्रेडिट एकही वाया गेलेलं नसतं, तरी येतं.

सामाईक कोर्सबद्दल एक सांगायला हवं, कारण मुलं त्यावर फार भिस्त ठेवतात. गणित आणि कॉम्प्युटर सायन्स म्हणजे अर्धा अभ्यासक्रम एकच, असं ऐकून ती आलेली असतात. लोअर डिव्हिजनला ते बरंचसं खरं आहे: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा दोघांनाही चालतं. वर गेल्यावर कॉम्बिनेटोरिक्स, क्रिप्टोग्राफी, न्यूमेरिकल ॲनालिसिस, प्रोबॅबिलिटी असे पूल आहेत, पण त्यावरून किती कोर्स नेता येतील हे विभागाचा नियम ठरवतो. तो नियम कॅटलॉगमध्ये छापलेला असतो. तो वाचण्याआधी डबल मेजरचं वेळापत्रक करू नये, एवढं मी प्रत्येकाला बजावते.

यानंतर आम्ही असिस्ट ही वेबसाइट उघडली. कॅलिफोर्नियाच्या कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स यूसी किंवा कॅल स्टेट (राज्याचा दुसरा विद्यापीठ-समूह) यांच्या कोणत्या कोर्सला समांतर धरतात, याची अधिकृत नोंद तिथे असते. ती मेजरनुसार बघायची. ‘ट्रान्सफरेबल’, म्हणजे ज्यांचे नुसते युनिट्स धरतात त्या कोर्सची यादी वेगळी, आणि मेजरला कोणता कोर्स चालतो याचा करार वेगळा. वडिलांचं शीट पहिल्या यादीवर बेतलेलं होतं. करारात दोन गोष्टी निघाल्या. पहिली, गणिताची साखळी. तिचं कॉलेज सेमिस्टरवर चालतं आणि तो कॅम्पस क्वार्टरवर, जसे बर्कली आणि मर्सेड सोडून यूसीचे बाकी कॅम्पस चालतात. सेमिस्टरचे दोन कोर्स मिळून क्वार्टरचे तीन, अशी सांगड असते, आणि ती जोडी पूर्ण असेल तरच लागू होते. एक इकडे आणि उरलेला तिकडे असं केलं तर मधला तुकडा पुन्हा करावा लागू शकतो. तिची मल्टिव्हेरिएबल पूर्ण झाली होती, पण डिफरन्शियल इक्वेशन्स इथेच संपवणं त्यामुळे आवश्यक ठरलं. दुसरी गोष्ट प्रोग्रॅमिंगच्या भाषेची. तिच्या कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स जावामध्ये होतं. पहिल्या पसंतीच्या कॅम्पसला ते चालत होतं, दुसऱ्याला सी प्लस प्लसमधलंच हवं होतं. इथे फार विचार न करता मी म्हटलं, जावामधलं घे, सी प्लस प्लस सुट्टीत स्वतः शिक. एका भाषेसाठी अख्खी साखळी हलवण्यात अर्थ नाही.

एपीबद्दलही तिने विचारलं: “ग्रेड वाढवायला कॅल्क्युलस परत घेऊ का?” नको. एपीने मिळालेल्या कोर्सचं क्रेडिट पुन्हा तोच कोर्स करून दुसऱ्यांदा मिळत नाही. शिवाय कम्युनिटी कॉलेजचे ग्रेड प्रवेशाच्या वेळी बघतात खरे, पण यूसीत गेल्यावर जीपीए (ग्रेडची सरासरी) नव्याने सुरू होतो.

नवा बेत असा झाला: फॉलमध्ये डेटा स्ट्रक्चर्स, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट आणि एक जनरल एज्युकेशन, स्प्रिंगमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि उरलेल्या सक्तीच्या गोष्टी. यूसीत ट्रान्सफरला किमान सात कोर्सची अट असते: इंग्रजी रचनेचे दोन, गणिताचा एक, आणि बाकी चार किमान दोन वेगवेगळ्या क्षेत्रांतले. ती आधीच पूर्ण होती. जनरल एज्युकेशनचा संच अपुरा राहणार होता, त्याची हुरहुर तिच्या आईला जास्त लागली. “अर्धवट सोडायचं?” त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

मग अर्जात कोणतं मेजर लिहायचं? या एका प्रश्नावर मी मुलांशी सर्वात जास्त वेळ बोलते. दोन्ही मेजरना एकदम प्रवेश मिळत नाही. एकात मिळतो, दुसरं तिथे गेल्यावर डिक्लेअर करायचं, म्हणजे अधिकृतपणे नोंदवायचं. तिचा विचार होता, गणितात प्रवेश सोपा, तेव्हा गणित लिहू आणि नंतर कॉम्प्युटर सायन्स जोडू. हा जुगार आहे, आणि मी त्याच्या सरळ विरोधात आहे. अनेक कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सच्या जागा बांधलेल्या असतात. आत आल्यावर त्यात शिरणं बाहेरून येण्याहून कठीण असू शकतं. गणिताचं दार सहसा इतकं घट्ट नसतं. तेव्हा अरुंद दारातून आधी जायचं. ज्याला मनापासून गणितच हवं आहे आणि कॉम्प्युटर सायन्स नाही मिळालं तरी चालेल, त्याने खुशाल गणित लिहावं. पण ते उत्तर मुलाने द्यायचं असतं, आईवडिलांनी नाही. तिने दोन दिवस घेतले आणि कॉम्प्युटर सायन्स लिहिलं.

अर्जाच्या वेळी टॅगचाही प्रश्न येतो. टॅग म्हणजे हमखास प्रवेशाचा करार. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसना तो आहे, एका वेळी एकालाच करता येतो, आणि अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा. प्रत्येक कॅम्पस काही मेजर त्यातून वगळतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्याने ती यादी वाचल्याशिवाय टॅगवर विसंबू नये. तिच्या पहिल्या पसंतीला टॅग उपयोगी नव्हता.

कोणी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर आणखी एक गाठ असते. टर्मला पूर्णवेळ म्हणजे किमान १२ युनिट्स, आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स किंवा तीन क्रेडिट्स धरले जातात. ‘डिस्क्रीट इथे मिळत नाही, दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन घेतो’ असं ठरवण्याआधी हे बघावं. आणि दुसऱ्या मेजरमुळे मुदत लांबणार असेल तर आय-२० वरची (व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या दाखल्यावरची) तारीख संपण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. संपल्यावर तिथेही फार काही करता येत नाही.

मुलीला कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश मिळाला, पहिल्या पसंतीच्या कॅम्पसवर. उतरताना तिच्याकडे ७२ युनिट्स होते. त्यातले दोन युनिट्स पदवीच्या बेरजेतून गळले, पण त्यांचे विषय मेजरमध्ये पूर्ण धरले गेले. पहिल्या फॉलला तिने अल्गोरिदम्स आणि सिद्धतेचा कोर्स एकदम घेतला. ॲनालिसिसची मालिका त्या फॉलला सुरू करता आली नाही, कारण सिद्धतेच्या कोर्सची अट माफ करायला गणित विभाग तयार झाला नाही. तिने डिस्क्रीटचा सिलॅबस दाखवून विनंती केली होती. म्हणून ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा आधी आणि ॲनालिसिस शेवटच्या वर्षी, असा क्रम तिने ॲडव्हायझरबरोबर बसून लावला. दुसरं मेजर डिक्लेअर करताना उरलेल्या सर्व क्वार्टर्सचा आराखडा द्यावा लागतो, तेव्हा तोच कागद तिने पुढे केला. जनरल एज्युकेशनचे राहिलेले तीन कोर्स ती उन्हाळ्यात एकेक करून उरकते आहे, त्यातला एक कलेच्या इतिहासाचा.