अजून एक सेट

"मॅडम, पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय, वय एकतीस. शेवट दिसत नाही. सोडून नोकरी धरू का?"

मी समुपदेशक, पण या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. पुढच्याची चिडचिड होते, निनादचीही झाली. (नाव बदललंय, त्याच्या परवानगीने लिहितेय.)

भांडुपहून दादरला यायचा. पहिल्या दिवशी लोकल रखडली म्हणून वीस मिनिटं उशिरा आला आणि पुढची दहा मिनिटं माफी मागण्यात घालवली. वडील निवृत्त टर्नर. उमेदीची सगळी वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, गेलेली. त्यांचा घरात ठरलेला प्रश्न : "लेथ चालवायला पीएचडी कशाला लागते रे?" याच्याकडे उत्तर होतं, पण जेवताना देता येईल असं नव्हतं.

मलाही त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून म्हटलं, मला समजाव. त्याने बॅगेतून काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची डबी काढली. आत कार्बाइडचं इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचा कापणारा तुकडा, नखाएवढं. एका कोपऱ्याला झिजल्याचा बारीक चकचकीत पट्टा. विमानाच्या इंजिनात वापरतात ते टायटॅनियम कापून तो झालेला. टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात आळशी, साध्या पोलादाच्या सातव्या हिश्श्याइतकंच नेतं. त्यामुळे कापताना निघालेली उष्णता टूलच्या टोकाशीच साचते आणि टूल लवकर मरतं. निनाद वेगवेगळ्या वेगांना थोडं कापायचा, मशीन थांबवायचा, मायक्रोस्कोपखाली झीज मोजायचा, पुन्हा कापायचा. मिनिटाला साठ मीटरला एक गोष्ट, एकशेवीसला दुसरीच.

बोलता बोलता तो टेलरवर आला. कटिंग स्पीड आणि टूलच्या आयुष्याचं समीकरण मांडणारा अमेरिकन इंजिनिअर. १९०७ साली त्याचा शोधनिबंध छापून आला, त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग होते. "त्याने २६ वर्षं दिली, मी पाचात रडतोय."

"त्याला कंपन्या पैसे देत होत्या," मी म्हटलं. याची फेलोशिप महिना ४२,००० आणि तीही पाच वर्षं झाली की बंद. असल्या तुलना मुलं कुठून उचलतात देव जाणे.

मग सहज विचारलं, "टूल संपलं हे कसं ठरवतोस? तुटलं की?"

"छे, तुटेपर्यंत थांबलं तर जॉबची, म्हणजे जो भाग कापतोय त्याची, वाट लागते. ०.३ मिलिमीटर झीज झाली की संपलं. आधीच ठरलेलं असतं."

"आणि थीसिस?"

"सरांना वाटेल तेव्हा."

इथे मी फसणार होते. छळणारा गाइड ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की पुढचं वाक्य मीच पुरं केलं असतं. पण सरांचे शेवटचे मेल वाचायला सांगितले. मार्चच्या मेलमध्ये सरळ लिहिलेलं : प्रयोग पुरेत, लिहायला घे. त्यानंतर इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूवर प्रयोगांचा नवा सेट निनादनेच काढला होता.

का? ते यायला आणखी दोन भेटी लागल्या. याच्याआधी पीएचडी झालेला मित्र एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता, सुट्टीत पगार नाही. कागदावर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण कायम जागा निघायला हवी ना. थीसिस जमा केला की आपणही त्याच रांगेत. लॅबमध्ये असेपर्यंत निदान 'काय करतोस?' याला उत्तर आहे. भीती खोटी नव्हती, म्हणून 'पॉझिटिव्ह राहा' वगैरे मी म्हटलं नाही. मला ते वाक्य आवडतही नाही. एवढंच म्हटलं, की रांग नवीन सेट लावून लहान होत नाही. टूल बनवणाऱ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांकडे त्याने एकदाही अर्ज केला नव्हता. अजून झालं नाही ना, हे कारण.

आम्ही एक पान लिहिलं. कुठली प्रकरणं, कुठले आलेख, इन्कोनेल बाहेर. दिवाळीपर्यंत कच्चा मसुदा सरांकडे, नाही गेला तर दुसऱ्या दिवसापासून नोकरीचे अर्ज. सरांनी पानावर सही केली आणि म्हणे हसले.

दिवाळीच्या आधीच्या भेटीला वडील सोबत आले. दोन प्रकरणं अजून बाकी होती. मी निनादला डबी काढायला लावली. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला, इन्सर्ट उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं.

"हे अजून दोन जॉब काढेल."

"नाही बाबा, ०.३ झालंय."

"आम्ही आवाजावरून ओळखायचो. मोजायला कोण बसतंय?"

"आवाज येईपर्यंत टायटॅनियममध्ये उशीर झालेला असतो."

"टायटॅनियम?" त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "कूलंट किती मारतोस?"

वेळ संपली होती. बाहेर पुढची मुलगी बसली होती, तिला पाच मिनिटं थांब म्हणून सांगून आले.