नगरसेवकपदाचा अर्ज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझं वय २४ आहे. नगरपरिषदेला अपक्ष उभं राहायचं ठरवलंय. अपक्षाचा अर्ज छाननीतच बाद करतात असं गावात बोललं जातं. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : अपक्ष आहे म्हणून कुणाचा अर्ज बाद होत नाही. तो बाद होतो कागदातल्या उणिवेमुळे. पक्षाच्या उमेदवारामागं वकील असतो, तुमच्या मागं नसेल, एवढाच फरक. वयाची अट २१ वर्षांची आहे, ती तुम्ही पूर्ण करता.

पहिली अडचण सूचकांची, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. तुमचं स्वतःचं नाव शहरातल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत असलं तरी चालतं, पण सूचक मात्र ज्या प्रभागातून तुम्ही लढता तिथलेच मतदार हवेत. एका गल्लीच्या दोन बाजू दोन प्रभागांत असतात, त्यामुळे शेजारचा माणूस सूचक म्हणून घेतला आणि तो पलीकडच्या प्रभागातला निघाला, असं सर्रास होतं. प्रत्येकाचा यादीतला अनुक्रमांक स्वतः छापील यादीत बघा. सात-आठ जणांशी बोलून ठेवा, ऐनवेळी एखादा मागं सरतोच.

दुसरी थकबाकीची. पालिकेनं बिल बजावूनही तुमच्याकडं मालमत्ता कर किंवा पाणीपट्टी थकलेली असेल, तर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १६ खाली ती अपात्रता ठरते. घर वडिलांच्या नावावर असलं तरी सगळं भरून टाका आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. शेवटच्या आठवड्यात या दाखल्यासाठी झुंबड उडते. त्याच कलमात पालिकेच्या ठेक्यातला हितसंबंधही येतो. तुम्ही नालीच्या कामात भागीदार असाल, तर नुसतं तोंडी बाजूला होऊन भागत नाही. भागीदारी कागदावर संपलेली हवी.

घरात शौचालय असल्याचं आणि ते वापरत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळं मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उभं राहता येत नाही. तुम्हाला आज ही अट लागू नसेल, पण हे उत्तर घरातली थोरली मंडळीही वाचतील म्हणून सांगतो : मूल दत्तक दिल्यानं संख्या कमी होत नाही.

शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचे रकाने असतात. एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथं ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, त्याची प्रत काढून सही करायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं दुपारी तीनच्या आत पोचवायची. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो. दोन दिवस आधी अर्ज देऊन मोकळे व्हा.

छाननीला स्वतः हजर राहा, मूळ कागद सोबत ठेवा. निर्णय मान्य नसेल तर जिल्हा न्यायालयात तीन दिवसांत अपील करता येतं. २०२५ साली अशा अपिलांचे निकाल लांबल्यामुळं राज्यात काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावं लागलं होतं.

प्रश्न : माझ्याकडं कुणबी जातीचा दाखला आहे, पण तो पडताळून मिळणारं वैधता प्रमाणपत्र नाही. ओबीसी जागेवरून लढता येईल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : येईल, पण पुढचे सहा महिने डोक्यावर टांगती तलवार राहील, हे समजून उतरा. अर्जासोबत जातीचा दाखला, पडताळणी समितीकडं प्रस्ताव दिल्याची पोच आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत वैधता देण्याचं हमीपत्र जोडावं लागतं. वैधता आली नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावानं रद्द होते. मिळालेली मतं कितीही असोत, उपयोग नाही.

निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखला देण्यासाठी २ सप्टेंबर २०२५ ला निघालेल्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयानंतर दाखला मिळण्याची वाट सोपी झाली. पडताळणीतून मात्र कुणालाही सूट मिळालेली नाही. बरेच इच्छुक इथंच गाफील राहतात.

समितीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडं तो बहुधा जमिनीच्या जुन्या खासरा पत्रकात, गावच्या जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात किंवा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडतो. नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल तर जाणकाराकडून मराठी लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नोंदीची साक्षांकित प्रत जोडा. नुसतं लिप्यंतर पुरत नाही. खरी गफलत होते वंशावळीत. उताऱ्यावर ‘बापू’, सातबाऱ्यावर ‘बापूराव’, शाळेत आडनावच वेगळं. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत हे जोडणारा कागद शोधा, कारण समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक तिथंच बोट ठेवतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राइतका भक्कम आधार दुसरा नाही. प्रस्ताव निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता आजच द्या.

प्रश्न : आमच्या घरातल्या चार मतांपैकी दोन शेजारच्या प्रभागात गेली आहेत. कुठं तक्रार करावी?
– एक वाचक, वसमत

उत्तर : पालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेची घेऊन ती प्रभागवार फोडली जाते. २०२५ साली ती तारीख १ जुलै होती. म्हणून प्रारूप यादीवर हरकत घेताना नवं नाव घालता येत नाही. प्रभाग चुकला असेल, विधानसभा यादीत असलेलं नाव इथं गळलं असेल किंवा लेखनिकाची चूक असेल, तर तेवढंच दुरुस्त होतं. तुमचा प्रश्न यात बसतो. चौघांचे अनुक्रमांक, घर क्रमांक आणि करपावती लावून मुदतीत पालिकेत लेखी हरकत द्या व पोच घ्या.

प्रश्न : खर्चाची मर्यादा किती?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : २०२५ च्या आदेशानुसार सदस्यपदासाठी ‘अ’ वर्ग नगरपरिषदेत पाच लाख, ‘ब’ वर्गात साडेतीन लाख, ‘क’ वर्गात अडीच लाख, नगरपंचायतीत सव्वादोन लाख. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि चहा, मंडप, रिक्षा, ध्वनिक्षेपक यांचा हिशेब रोजच्या रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. हरलेले उमेदवार तो देतच नाहीत आणि तीन वर्षांपर्यंतची अपात्रता ओढवून घेतात. पुढच्या खेपेला अर्ज भरताना ती आडवी येते.

प्रश्न : नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. प्रत्येक उमेदवार ‘रोज पाणी देतो’ म्हणतो. त्याला काय विचारावं?
– एक वाचक, भोकरदन

उत्तर : आकडे विचारा. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर, असा पाणीपुरवठ्याचा निकष आहे. ४० हजार वस्तीला १३५ च्या हिशेबानं रोज ५४ लाख लिटर लागतात. आपल्या भागाचा जलकुंभ कोणता, त्यात किती लिटर मावतं, शुद्धीकरण केंद्र रोज किती पाणी सोडतं, पंपाचं वीजबिल थकलंय का, हे उमेदवाराला माहीत हवं. मराठवाड्यात धरण आटल्यावर काय होतं ते लातूरनं २०१६ साली मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेवर जगून पाहिलंय. पण धरणात पाणी असूनही दहा दिवसांचं अंतर पडत असेल, तर दोष बहुधा टाकीच्या क्षमतेत, जुन्या वाहिनीच्या गळतीत किंवा विजेत असतो. यातल्या कशावर बोट ठेवायचं ते ज्याला सांगता येत नाही, त्याच्या आश्वासनाला वजन नाही.

एकटा नगरसेवक वाहिनी बदलू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. काम अंदाजपत्रकात यावं लागतं, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग निविदा निघते, आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडं असते. नगरसेवकाच्या हातात सर्वसाधारण सभेत विषय मांडणं आणि त्याचा पिच्छा पुरवणं असतं. पुन्हा उभा राहणारा उमेदवार असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मागच्या सभांची इतिवृत्तं आणि हजेरी मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून आचारसंहितेची वाट न बघता अर्ज द्या.

प्रश्न : आम्ही निवडून दिलेला अपक्ष नंतर पक्षात गेला तर?
– एक वाचक, परळी

उत्तर : स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ नुसार तो अपात्र ठरू शकतो. नगरपरिषदेच्या सदस्याविरुद्धचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करावा लागतो. पक्षप्रवेशाचे फोटो, पक्षाचं पत्र, गटनोंदणीची प्रत असे पुरावे तारखेसह जोडा. नुसत्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर प्रकरण टिकत नाही.