पहिल्या वर्षाचा गार्ड टिकेल का?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्यामुळे आम्हा दोघांनाही पहाटे उठून त्याच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे सामने बघायची सवय लागली. यंदा पहिल्या वर्षाला आलेला एक गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन सोबत्यांना पास देणारा खेळाडू, इतका छान खेळला, की तो घरातलाच वाटू लागला. आता मुलगा म्हणतो, "बाबा, तो पुढच्या वर्षी इथे असेलच असं नाही." आपल्या हातानं घडवलेलं पोर कॉलेज असं कसं जाऊ देतं? आणि ही त्या पोराची बेइमानी नाही का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काका, त्याला बेइमान म्हणू नका. कोच मोठ्या पगारावर दुसरं कॉलेज धरतो आणि लगेच तिथे कामाला लागतो. खेळाडूनं कॉलेज बदललं, तर मात्र साधारणपणे अख्खा एक सीझन त्याला सामन्याबाहेर काढावा लागायचा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर हा उघड अन्याय होता. तो एका झटक्यात गेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. कॉलेज सोडू इच्छिणाऱ्याचं नाव त्यात गेलं, की बाकीचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या, तर कितीही वेळा.

दुसरी गोष्ट पैशाची. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येऊ लागलं. १ जुलै २०२५ पासून तर कॉलेज स्वतःच त्यांना पैसे देऊ शकतं. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी सगळे खेळ मिळून एका कॉलेजची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. त्यामुळे लहान कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलानं चमक दाखवली, की सीझन संपता संपता मोठ्यांकडून विचारणा येणारच. ज्याच्या आईवडिलांनी कर्ज काढून त्याला वाढवलं, त्यानं ती कानाआड करावी असं मी तरी म्हणणार नाही.

आणि काही मुलांसाठी कॉलेज म्हणजे फक्त एक मुक्काम असतो. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग; तिचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टसाठी वयाची १९ वर्षं आणि हायस्कूलनंतर एक वर्ष, ही अट २००६ पासून लागू आहे. रटगर्स कॉलेजचा गार्ड डिलन हार्पर एकच सीझन खेळला आणि २०२५ मध्ये सॅन अँटोनियोच्या एनबीए संघानं त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं. अशाला कुणी अडवू नये.

पण तुमच्या गार्डसारखी जी मुलं अधेमधे असतात, चांगली पण अजून कच्ची, त्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर कुठेही गेला तरी त्याची उंची त्याच्याबरोबर जाते. गार्डची निम्मी विद्या मात्र सोबत्यांमध्ये असते. पिक अँड रोल हा डाव बघा. सेंटर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, आणि गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो. दोन डिफेंडर त्याच्यावर धावून येतात आणि पास द्यायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ असतो. आपला सेंटर वळताना बॉल छातीवर मागतो की डोक्याच्या वर, कोपऱ्यातला शूटर पाय जुळवून उभा आहे की अजून सरकतोय, हे गार्डला न बघता कळावं लागतं. ते कळतं रोजच्या प्रॅक्टिसनं, त्याच चार जणांबरोबर. कॉलेज बदललं की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पर्ड्यू कॉलेजचं उदाहरण मी आमच्या मुलींना नेहमी सांगते. मार्च २०२३ मध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरले डिकिन्सन कॉलेजकडून ५८-६३ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच, २०१८ मध्ये घडलं होतं. पर्ड्यूचे सुरुवातीच्या पाचातले दोन गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे होते आणि टीका त्यांच्याही वाट्याला आली. दोघंही सोडून गेले नाहीत, कोच मॅट पेंटरनंही त्यांना बाकावर ढकललं नाही. महाकाय सेंटर झॅक ईडीही परत आला. पुढच्याच वर्षी हा संघ थेट फायनलला पोचला. तिथे कनेक्टिकटनं ७५-६० नं हरवलं, ते वेगळं. स्मिथचे पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी ४.४ असिस्ट, म्हणजे सोबत्याला बास्केट करून देणारे पास, होते, दुसऱ्या वर्षी ७.५, तिसऱ्या वर्षी ८.७. हा चढ बघितला की माझा ऊर भरून येतो. चढाच्या मधल्या पायरीवर तो निघून गेला असता तर?

तेव्हा कॉलेज कसं जाऊ देतं, असं तुम्ही विचारता, त्यावर माझं म्हणणं असं, की अडवून कुणी राहत नाही, राहावंसं वाटावं लागतं. पैसा हवाच, पण शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात देतात, हे मुलगा विसरत नाही. तो चुकल्यावर लगेच बाहेर काढतात का, हेही. सीझन संपल्यावर कोचनं समोर बसवून "पुढच्या वर्षी तुझं काम हे, यात तू कमी पडतोस" असं स्पष्ट सांगितलं पाहिजे. न सांगता त्याच्याच जागेवर पोर्टलमधून दुसरा गार्ड आणला, तर पोर जाणारच, आणि दोष पोराचा नसेल.

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड खेळते. शहरातलंच दुसरं कॉलेज फी माफ करतो, किट देतो म्हणतंय. पाठवू का?
— एक पालक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आधी एक बघा, दोन्ही कॉलेजं देवी अहिल्या विद्यापीठाशीच संलग्न आहेत का? असतील, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणारी टीम विद्यापीठाची, आणि तिला तिथवर पोचायचं असेल तर निवड चाचणी दोन्हीकडून एकच द्यावी लागेल. कॉलेज बदलून तो दरवाजा जास्त उघडत नाही.

फीमाफी लहान गोष्ट नाही, घरची ओढाताण असेल तर जरूर घ्या, पण तिन्ही वर्षांसाठी आणि लेखी. दुखापत झाली तरी चालू राहील का, हेही त्या कागदावर येऊ द्या. मग एका संध्याकाळी मुलीला घेऊन त्यांची प्रॅक्टिस बघायला जा, न सांगता. कोच स्वतः हजर असतात का? मुलींना कोर्ट रोज मिळतं, की मुलांचं झाल्यावर अंधार पडताना? गार्डच्या जागेवर आधीच तिसऱ्या वर्षाची कुणी आहे का? असेल तर तुमची लेक वर्षभर पाणी देत बसेल, आणि याच वयात बसून चालत नाही.

रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मी अशा किती मुली बघते. उजव्या हातानं सुसाट येतात. डिफेंडरनं डावीकडे ढकललं की मान खाली जाते, डोळे बॉलवर, आणि समोर मोकळी उभी असलेली मैत्रीण दिसत नाही. हे सुधारायला असा कोच लागतो, जो डाव्या हातानं चुकू देईल आणि तरी सामन्यात उतरवेल. आत्ताच्या कॉलेजात तिला असा कोच असेल, तर त्यांच्याशी एकदा मोकळेपणानं बोला, फीचीही अडचण सांगा. क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत पुष्कळदा काही सवलत निघते, फक्त कुणी विचारत नाही. आणि हे बोलणं मुलीसमोर करा. खेळायचं तिला आहे.