वाचकांचे प्रश्न : ब्रॉडकास्ट पोचत नाही, नकाशावरून नाव गायब

प्रश्न : म्हापशाला घरीच कोकम आगळ आणि फणसाची साटां (फणसपोळी) करून आम्ही घरपोच देतो. व्हॉट्सअॅपवरचा ब्रॉडकास्ट (यादीतल्या सगळ्यांना एकदम जाणारा संदेश) अर्ध्या गिऱ्हाइकांना मिळत नाही. गूगल नकाशावरच्या व्यवसाय प्रोफाइलला ‘गोव्यातील सर्वोत्तम शुद्ध कोकम आगळ’ असे नाव दिले, तर ती निलंबित झाली. काय करावे?

उत्तर : ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेल्यांनाच जातो. एका यादीत मर्यादा 256 जणांची. म्हणून डिलिव्हरी देतानाच गिऱ्हाइकाला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. बाटलीच्या लेबलवर क्यूआर कोड छापला तर सोपे पडते. रोज ‘शुभ सकाळ’ मात्र नको, लोक ब्लॉक करतात.

गूगलचे दुखणे नावात आहे. पाटीवर, बिलावर असते तेच नाव तिथे चालते. ‘सर्वोत्तम’, ‘शुद्ध’ ही विशेषणे काढा. दुकान नसल्याने घरचा पत्ता लपवा आणि सेवाक्षेत्रात म्हापसा, पर्वरी, पणजी अशी गावे भरा (20 पर्यंत चालतात). माल स्वतः नेऊन देता म्हणून तुम्ही पात्र ठरता. नुसते कुरियरने पाठवणाऱ्यांना ही सोय नाही. आधी दुरुस्ती, मगच गूगलकडे अपील. सोबत त्याच नावाचा परवाना किंवा बिल जोडा. घाईने दुसरी प्रोफाइल उघडू नका, तीही जाते.

फोटो उन्हात वाळणाऱ्या साटांचे टाका, इंटरनेटवरून उचललेले नकोत. पॅकिंगवर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक दिसू द्या.